गाणी लावून इंग्रजी शिकवता येतं का, की नुसता टाइमपास? (आठवी-नववी, मराठी मीडियम)

शनिवारची_ताई

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबलीये, सांभाळून घ्या.

मी शिक्षिका नाही, आयटीत टेस्टिंगचं काम करते. मागच्या वर्षीच्या जूनपासून दर शनिवारी संध्याकाळी पर्वती पायथ्याजवळ एका अभ्यासिकेत पोरांचं इंग्रजी घेते. चौदा जण आहेत, दोघं सेमीचे, बाकी पूर्ण मराठी मीडियम. ग्रामर म्हणाल तर माझ्यापेक्षा पक्कं, पॅसिव्ह व्हॉइस धडाधड करून दाखवतात, पण 'काल संध्याकाळी काय केलंस' एवढं इंग्रजीत विचारलं की सगळे एकमेकांच्या चपलांकडे बघत बसतात. आणि ऐकून समजण्याच्या नावाने तर शून्य. मी बोलले की कळतं, कारण मी पण आपलं पुणेरी इंग्रजीच बोलते, मोबाईलवर कोणी गोरा बोलायला लागला की 'ताई हा काय म्हणाला?'

म्हणून म्हटलं गाणी लावू. कुठलं लावू विचारलं तर सगळे एका सुरात 'शेप ऑफ यू'. २०१७ चं गाणं, ही पोरं तेव्हा पहिलीत-बिहिलीत असतील, तरी चाल सगळ्यांना पाठ. मी बावळटासारखं शब्द नीट न वाचता हो म्हटलं. नेटवरून शब्द कॉपी केले, मधले मधले उडवून रिकाम्या जागा भरा असा कागद केला, सव्वीस जागा, चौदा झेरॉक्स, गणपती मंडळाच्या पोरांकडून स्पीकर आणला. गाणं सुरू झालं आणि पहिल्या दोन ओळींतच क्लब आणि बार. मागून प्रश्न आला, 'ताई, लव्हर म्हणजे?' विचारणाऱ्याला अर्थ चांगला माहीत होता हे तोंडावर दिसत होतं. पुढे ते गाणं अजून घसरतं, मी स्पीकर बंद केला आणि गपचूप टेन्सेस काढले. कागद गोळा करून बघितले तर सव्वीसपैकी जास्तीत जास्त पाच जागा भरलेल्या.

पुढच्या आठवड्यात साधंसं गाणं लावलं, ते बरं गेलं, पोरं गायली पण. तर त्यातलं 'वॉना' आणि 'गॉना' उचलून दोघं युनिट टेस्टमध्ये 'आय वॉना बिकम अ पोलीस' लिहून आले, शाळेतल्या बाईंनी लाल पेनने गोल करून पाठवलं. वर एका मुलीचे वडील दारात उभे राहून म्हणाले, 'ताई गाणी तर ती घरी पण ऐकती, इथं कशाला पाठवायची मग.' मला उत्तर सुचलं नाही खरं सांगते.

तर प्रश्न असा की गाण्यांनी खरंच भाषा येते का, की फक्त पोरं खुश होतात आणि आपल्याला वाटतं शिकवलं? आणि येत असेल तर कुठली गाणी, कशी घ्यायची? कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा, 'यूट्यूबवर भरपूर आहे' असं नको.

---

कट्टा_नंबर_नऊ

ताई, तुमच्या कामाला सलाम, पण माझं मत सरळ आहे, गाण्याने इंग्रजी येत नाही. पुरावा मी स्वतः. 'हॉटेल कॅलिफोर्निया' १९७६ च्या अल्बमातलं, मी कॉलेजला असल्यापासून म्हणजे तीस वर्षं गातोय, गिटारच्या सोलोसकट तोंडाने वाजवून दाखवतो, आणि त्यातल्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत कसला तरी वास येतो तो कशाचा हे मला परवा परवा मुलीने सांगितलं. तो शब्द 'कोलितास', इंग्रजी नाहीच, स्पॅनिश आहे. तीस वर्षं मी ते कोलायटिस समजून गात होतो. पोटाच्या आजाराचा वास हायवेवर.

गाण्याने गाणं येतं. इंग्रजी यायला इंग्रजी बोलावं लागतं. बाकी चालू द्या.

---

खडूफळा

काका, तुमचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं, ते कसं ते खाली सांगते.

अगं शनिवारच्या ताई, मी महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं काढली, आता रिटायर. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, २००० साली ते पहिलीपासून झालं आणि आम्ही ज्यांनी आयुष्यात कधी इंग्रजी गाणं म्हटलं नव्हतं त्यांना पहिलीच्या वर्गात हातवारे करून गाणी म्हणायला लागली. मी लाजेने दार लावून घ्यायचे. तेव्हापासून जे काय शिकले ते असं की गाण्याने ग्रामर शिकवायला जाऊ नये, गाण्याने कान तयार होतो. दोन वेगळी कामं आहेत. तुझ्या मुलांचं ग्रामर पक्कं आहे, कान कच्चा आहे असं तूच लिहिलंयस, म्हणजे औषध बरोबर आहे, डोस चुकला.

आता कान कसा फसतो ते बघ. आपली सुखकर्ता दुःखहर्ता घे. मातृभाषा, वर्षानुवर्षं ऐकलेली, तरी दर गणपतीत निम्मी सोसायटी 'उटी शेंदुराची'चं 'ओटी शेंदुराची' करते, 'संकटी पावावे'चं 'संकष्टी पावावे' आणि 'वाट पाहे सदना' आहे तिथे 'सजणा'. रामदासस्वामी रामाच्या दासाला सजणाची वाट कशाला बघायला लावतील! पण माणसाचा कान आवाज ऐकतो आणि ओळखीचा शब्द त्यात भरतो. उटी हल्ली कोणी लावत नाही, ओटी सगळ्यांना माहीत, झाली ओटी. काकांनी कोलायटिस केलं ते याच जातीचं. म्हणजे काका नीट ऐकत होते, शब्द ओळखीचा नव्हता एवढंच.

हेच मी वर्गात वापरायचे. कागद द्यायचाच नाही आधी. गाण्याचे फक्त दोन कडवे, चार ओळी झाल्या की थांबवायचं, आणि मुलांनी जे ऐकू आलं ते देवनागरीत लिहायचं. स्पेलिंगची भीती गेली की हात चालतो. मग फळ्यावर खरी ओळ लिहायची आणि प्रत्येकाने आपलं शेजारी ठेवून बघायचं. 'नॉट ॲट ऑल' हे तीन शब्द मुलांच्या वहीत 'नॉटॅटॉल' असा एक शब्द होऊन येतो, आणि गंमत म्हणजे तेच बरोबर आहे, गोरा तसंच बोलतो. मुलाला पहिल्यांदा कळतं की आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून समजत नाही असं नाही, ते लोक शब्द चिकटवून बोलतात म्हणून समजत नाही. हे कळल्यावर पोराचा चेहरा बघण्यासारखा असतो.

पहिलं गाणं 'वुई शॅल ओव्हरकम' घे. मुलांना 'हम होंगे कामयाब' बालवाडीपासून पाठ असतं, चाल तीच, अर्थ माहीत, त्यामुळे सगळं लक्ष आवाजावर राहतं. संथ आहे, ओळी परत परत येतात. आणि सव्वीस रिकाम्या जागा?? अगं गाण्याला पॉज नसतो, पहिली जागा लिहीपर्यंत चौथी निघून जाते. सहा ठेव, आठ ठेव, ओळीच्या शेवटच्या शब्दाला. 'द', 'टू', 'ऑफ' असले शब्द उडवू नकोस, ते गाण्यात नीट ऐकू येतच नाहीत. त्याहून बरं म्हणजे ओळींच्या पट्ट्या कापून गठ्ठा द्यायचा, ऐकत ऐकत क्रमाने लावायच्या. लिहायचं काहीच नाही, नुसतं ऐकायचं आणि सरकवायचं.

---

ढोल_ते_कोड

खडूफळा मॅडम __/\__

माझा थोडा वेगळा अँगल. ताई तुमच्या चौदा जणांत ढोल-ताशा पथकातली किती आहेत? पर्वतीच्या बाजूला तर निम्मी असणार. मग त्यांना ठेका शिकवायची गरजच नाही, आणि इंग्रजी बोलण्याची अर्धी भानगड ठेक्याचीच आहे हे मला नोकरीला लागल्यावर क्लायंट कॉलवर कळलं. आपण मराठीत प्रत्येक अक्षराला साधारण सारखा वेळ देतो, इंग्रजीत जोर असलेल्या शब्दांवर ठोका पडतो आणि मधले शब्द त्या दोन ठोक्यांच्या मध्ये कोंबले जातात, पीएमटीत ऑफिस टायमाला कोंबतात तसे (पीएमपीएमएल म्हणा, पण आम्ही मरेपर्यंत पीएमटीच म्हणणार).

करून बघा. बाकावर सावकाश तीन ठोके द्यायचे आणि म्हणायचं 'बॉईज, फ्लाय, काइट्स'. आता ठोके तेच, स्पीड तोच, 'द बॉईज आर फ्लाइंग काइट्स'. पुन्हा तेच तीन ठोके, 'द बॉईज हॅव बीन फ्लाइंग देअर काइट्स'. शब्द दुपटीहून जास्त झाले, ठोके तीनच. 'हॅव बीन'चं काय होतं बघा, 'अव्बिन' असं काहीतरी गिळून जातं. पोरांना म्हणावं ते गिळलेलंच बरोबर आहे, आपण 'हॅव्ह. बीन.' असं सुटं सुटं म्हणतो म्हणून आपल्याला त्यांचं ऐकू येत नाही. ही आयडिया माझी नाही, कॅरोलिन ग्रॅहम म्हणून न्यूयॉर्कच्या बाई आहेत त्यांनी १९७८ साली 'जॅझ चँट्स' काढलं, गाणं नाही, वाद्यं नाही, नुसतं ठेक्यावर रोजचं बोलणं. गाणं लावायच्या आधी पाच मिनिटं हे करा.

आणि ठेक्याचं गाणं हवं असेल तर क्वीन बँडचं 'वुई विल रॉक यू', १९७७. दोनदा पाय आपटा एकदा टाळी, पोरांना आपोआप येतं. वर एक किस्सा सांगा, त्यातला गायक फ्रेडी मर्क्युरी लहानपणी पाचगणीला बोर्डिंगमध्ये शिकलेला, सेंट पीटर्समध्ये. आपल्या स्ट्रॉबेरीवाल्या पाचगणीला. पोरं एकदम सरळ बसतात हे ऐकून.

ऐकण्यासाठी माझं फेव्हरिट सुझॅन व्हेगाचं 'टॉम्स डायनर', १९८७ च्या अल्बमातलं. मूळ व्हर्जनला एकही वाद्य नाही, बाई एकटी गाते, प्रत्येक शब्द स्वच्छ. अख्खं गाणं म्हणजे सकाळी हॉटेलात बसून आजूबाजूला काय चाललंय ते सांगणं, कोण आत येतंय, कोण कप भरतंय, म्हणजे प्रेझेंट कंटिन्युअसचा रतीब. मग पोरांना अमृततुल्यच्या बाकड्यावर बसून तसंच लिहायला सांगा. (नर्ड माहिती: एमपीथ्री फॉरमॅट बनवताना इंजिनियर लोकांनी हेच गाणं टेस्टिंगला वापरलं होतं, कारण एकट्या मोकळ्या आवाजात खराबी लगेच कळते. ताई तुम्ही टेस्टिंगवाल्या आहात म्हणून सांगितलं.)

---

बोटक्लब_रोडचा_पोस्टमन

सगळ्यांचं पटलं पण थोडं मीठ टाकतो.

मी मॅक्समुलर भवनला जर्मन केलं, तिथे गाणी ऐकवायचे, आणि ज्या प्रत्ययांवर मी टेबलं घोकून मेलो होतो ते गाण्यातून आपोआप बसले हे मान्य. पण गाणं कानाला खोटं पण शिकवतं. इंग्रजीत छोटा इ आणि मोठा ई यात अर्थ बदलतो, 'लिव्ह' म्हणजे राहणं, 'लीव्ह' म्हणजे सोडणं. गाण्यात चालीसाठी स्वर ताणला की 'लिव्ह'चं पण 'लीव्ह' ऐकू येतं. आपण मराठी लोक आधीच ऱ्हस्व-दीर्घ लिहिण्यापुरतं पाळतो, बोलताना सगळं एकच, त्यात हे. तेच चढउताराचं. प्रश्न विचारताना आवाज कुठे वर जातो, कुठे खाली येतो हे गाण्यातून शिकताच येणार नाही, कारण तिथे वरखाली काय ते चाल ठरवते. म्हणून गाणं झालं की त्यातल्याच दोन ओळी न गाता, साध्या बोलून घ्या. एकाने प्रश्न विचारल्यासारखी, दुसऱ्याने भांडल्यासारखी. हा भाग लोक सोडतात आणि मग कट्टा-काकांसारखी केस होते.

आणि मॅडम, देवनागरीत लिहिण्याबद्दल मला शंका आहे. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्हीला आपला व एकच. 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' वहीत वेगळं लिहिलं तरी तोंडात सारखंच येतं. ती सवय पक्की नाही का होणार?

---

खडूफळा

होईल, जर वहीत ठेवलं तर. मी पाटीवर लिहून घ्यायचे, खरी ओळ बघून झाली की पुसायची. हल्ली पाटी नाही तर जुन्या कागदाची मागची बाजू. ते उच्चार शिकण्यासाठी नाहीच, कानात काय शिरलं ते बाईला दिसावं म्हणून आहे. व-चं म्हणशील तर खालचा ओठ दातांत धरून 'व्ही', ओठांचा चंबू करून 'डब्ल्यू', एकमेकांकडे बघून करायला लावायचं. हसून हसून मरतात, पण लक्षात राहतं.

(न गाता बोलायचं हे मात्र मस्त सांगितलंस, मी कधी केलं नव्हतं.)

---

शनिवारची_ताई

बापरे, एवढं सगळं! थँक्यू थँक्यू. ढोलवाले दादा, पाच जण पथकात आहेत, आत्ताच ग्रुपवर विचारलं.

पण त्या 'वॉना'चं काय करू? शाळेतल्या बाईंचं पण चूक नाही ना, पेपरात मार्क जातात.

---

खडूफळा

अगं सोप्पंय. त्यांना विचार, 'मला घरी जायचंय' असं तुम्ही मराठीच्या पेपरात लिहिता का? 'मला घरी जायचे आहे' लिहिता. बोलताना 'जायचंय', 'करायचंय', 'येतोयस का', लिहिताना सगळं सोडवून. 'वॉन्ट टू'चं 'वॉना' म्हणजे त्यांचं 'जायचंय'. एका मिनिटात कळतं, कारण हा नियम ते पहिलीपासून पाळतायत, कोणी नाव देऊन सांगितलं नव्हतं एवढंच. फळ्याचे दोन भाग कर, एकीकडे तोंडातलं, एकीकडे पेपरातलं, आणि गाण्यात असले शब्द आले की दोन्हीकडे लिहून घे. खरं तर 'वॉना' ओळखता आलं हा त्या दोघांचा विजय आहे, ऐकून पकडलंय पोरांनी! त्यांना रागावू नकोस. 'अ पोलीस'बद्दल मात्र रागव, 'पोलीस ऑफिसर' पाहिजे.

---

बीटीएस_वाली_भाची

मी अकरावीत आहे, काकाच्या अकाउंटवर वाचत होते मग स्वतःचं उघडलं. तुम्ही सगळे जुनी गाणी सांगताय!! आमच्या वर्गात अर्ध्या मुली बीटीएस (कोरियन बँड) ऐकतात, त्यांचं २०२० चं 'डायनामाइट' हे त्यांचं पहिलं पूर्ण इंग्रजी गाणं, आणि त्यांच्यातला आरएम इंग्रजी 'फ्रेंड्स' सिरियल बघून शिकला हे त्याने स्वतः सांगितलंय. ताई मुलींना हे सांगा ना, की जगभर इंटरव्ह्यू देणारा माणूस पण आपल्यासारखाच बाहेरून शिकलाय. मला तरी इंग्रजी टीचरपेक्षा यानेच धीर आला. पण 'डायनामाइट' शिकवायला घेऊ नका, फार फास्ट आहे आणि अर्थ असा काही नाही त्यात. शिकवायला ब्रूनो मार्सचं 'काउंट ऑन मी' घ्या, मैत्रीवर आहे, स्वच्छ आहे, आणि 'इफ'वाली वाक्यं भरपूर येतात.

---

कट्टा_नंबर_नऊ

भाचीने आमची गाणी जुनी म्हटली. ठीक आहे. चालायचंच.

---

शनिवारची_ताई

दोन शनिवार झाले, रिपोर्ट देते.

पहिल्या शनिवारी 'वुई शॅल ओव्हरकम' घेतलं, कागद न देता. देवनागरीत लिहा म्हटल्यावर आधी विश्वासच बसेना, 'ताई खरंच मराठीत?' चौघांनी 'वी शाल' लिहिलं आणि मागच्या बाकावरचा तोच लव्हरवाला म्हणतो, 'ताई शाल दिली, श्रीफळ कुठंय?' वर्ग पाच मिनिटं आटोक्यात नव्हता. पण नंतर त्याच पोराने विचारलं की पुस्तकात 'शॅल' असतं मग सिरियलमध्ये सगळे 'विल' का म्हणतात, आणि मी म्हटलं आता बोलताना 'विल'च जास्त, 'शॅल' जुन्या वळणाचं. वर्षभरात त्याने पहिल्यांदा स्वतःहून काही विचारलं.

ठेक्याचं आधी फसलं. पथकातल्या पाच जणांनी बाक असा काही बडवला की खालून वॉचमन आला. मग दोन बोटांनीच वाजवायचं ठरलं. 'हॅव बीन' गिळायला त्यांना फार आवडलं, आता सगळंच गिळतायत, 'माय नेम इज' पण गिळलं एकीने.

दुसऱ्या शनिवारी 'काउंट ऑन मी', पट्ट्या कापून. तीन-चार जणांचे गट केले. दोन गटांनी क्रम बरोबर लावला, एका गटाची एक पट्टी पंख्याने उडाली ती सापडलीच नाही. गायचं झाल्यावर पोस्टमन दादांचं न गाता बोलायचं केलं, 'तुला गरज पडली तर मी आहे' अशा अर्थाची ओळ एकीने भावाशी भांडतेय अशी म्हणून दाखवली, एकदम खरी वाटली. शब्द मात्र या वेळी आधी स्वतः ऐकून पडताळले, कारण दोन साइटवर दोन वेगळे शब्द होते. जे फार पटपट जात होतं ते यूट्यूबवर पाऊण स्पीडला लावलं, सूर तोच राहतो आणि शब्द सुटे होतात, हे कोणाला माहीत नसेल तर.

त्या वडिलांना या वेळी आत बोलावून बसवलं. पट्ट्या लावताना तेही वाकून बघत होते, बोलले काही नाहीत, जाताना विचारलं पुढच्या शनिवारी किती वाजता.

आता एक अडचण. स्पीकर मंडळाला परत द्यायचाय, गणपती तोंडावर आलेत. कोणाकडे जुना ब्लूटूथ स्पीकर पडून असेल तर कळवा, सिंहगड रोड किंवा सारसबागेच्या बाजूला असाल तर मी येऊन घेऊन जाईन.

---

कट्टा_नंबर_नऊ

माझ्याकडे आहे एक. चार्जिंगची पिन जरा धरून ठेवावी लागते. रविवारी सकाळी सारसबागेच्या गेटपाशी, आठ वाजता. आत 'हॉटेल कॅलिफोर्निया'चं पेनड्राइव्ह अडकलंय, ते काही केल्या बाहेर येत नाही, तेवढं चालवून घ्या.